बेवारस बोट, नग एक

कुणी नवा माणूस हात जोडून पुढे उभा राहिला की माझी नजर त्याच्या तोंडाआधी त्याच्या बोटांवर जाते. दहा भरली की मग मी नमस्कार घेतो. धाकट्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा मुलाच्या मामांनी शेवटी वैतागून दोन्ही हात खिशात घातले. त्यांना वाटलं, मी त्यांच्या अंगठ्यांचा अंदाज घेतोय. लग्न जमलं, पण मामा आजही माझ्यापुढे हात बाहेर काढत नाहीत. ही खोड माझ्या जन्माची नाही. ती मला लावली आमच्या जिनिंग कारखान्याच्या हेडक्लार्कनी. सगळं गाव त्यांना नाकेदार म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणतो.

कारखान्यात येण्याआधी नाकेदार बावीस वर्षं निजामाच्या करोडगिरीच्या नाक्यावर होते. रियासतीच्या हद्दीवरून आत-बाहेर जाणाऱ्या मालावर जकात घ्यायची, हे त्यांचं काम. कडब्याची गाडी आली की ते लोखंडी सळई खुपसून आत काही लपवलंय का बघायचे. वऱ्हाडाची गाडी आली तर नवरीला खाली उतरवून गादीत सळई खुपसायचे. पुढे रियासत विलीन झाली, काही वर्षांत हद्दीवरची जकात गेली, नाका उठला, आणि सळई तेवढी नाकेदारांच्या हातात राहिली. ती घेऊनच ते पाथरी रस्त्यावरच्या आमच्या कारखान्यात रुजू झाले. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली, रंग उडालेली शेरवानी, कानावर टाक आणि हातात सळई. पहिल्याच दिवशी त्यांनी शेठच्या बसायच्या गादीत ती खुपसली. आतून जुन्या चिंध्या निघाल्या. शेठ कापसाचा व्यापारी आणि गादी चिंध्यांची, ही गोष्ट बाजारात आठवडाभर पुरली.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "आत काय गेलं, बाहेर काय आलं, एवढंच खरं. बाकी समदा बाजारगप." आणि दुसरं, त्याहून आवडतं: "इंद्राज झाला की झाला." इंद्राज म्हणजे नोंद. एकदा केलेल्या नोंदीत खाडाखोड करणारा माणूस नाकेदारांच्या लेखी चोरापेक्षा हलका. त्यांच्या वह्यांत डाग शोधून सापडायचा नाही. मी तिथं टाइमकीपर होतो, पंचविशीचा, नुकतंच लग्न झालेला, आणि माझ्या वहीत डाग सोडून फारसं काही नसायचं.

आमच्या कारखान्यात एक जुना रिवाज होता. कापसातली सरकी काढणाऱ्या रेच्याच्या पात्यात कुणाचं बोट गेलं की शेठ त्याला एक घोंगडी आणि एक नारळ द्यायचा. बोट गेलं की घोंगडी, हात गेला तर दोन. गेलेलं बोट कामगार विहिरीजवळच्या लिंबाखाली हळद-कुंकू लावून पुरायचे, आणि संध्याकाळच्या भोंग्याला सगळं मागं पडायचं. हंगाम संपेपर्यंत लिंबाखाली चार-पाच बोटं जमायची. शेठ वाईट माणूस नव्हता. घोंगडी तो नेहमी चांगली बघून आणायचा.

मग विलीनीकरणानंतर लागू झालेल्या कामगार भरपाईच्या कायद्याचं पुस्तक कारखान्यात आलं. हे पातळसं पुस्तक शेठनं उघडलंही नाही. नाकेदारांनी आठवडाभर वाचलं आणि शेवटच्या पानांवर एक तक्ता बघून त्यांचे डोळे भरून आले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कोणता अवयव गेला तर किती टक्के, असा तो तक्ता होता. उजवा हात कोपरापासून सत्तर, डावा साठ, अंगठा पंचवीस, अंगठ्याशेजारचं बोट दहा, बाकीची बोटं पाच-पाच. नाक्यावर त्यांच्यापुढे तूप, गूळ, कापड यांच्या जकातीचा असाच तक्ता टांगलेला असायचा. हद्द गेली, नाका गेला, पण तक्ता परत आला होता.

दुसऱ्या दिवशी फाटकावर बोटांची हजेरी सुरू झाली.

सकाळचा भोंगा झाला की प्रत्येक कामगारानं फाटकात दोन्ही हात वर करायचे. मी मोजायचं, ओरडून सांगायचं, आणि नाकेदारांनी स्वतः आखलेल्या रजिस्टरात 'आत' या रकान्यात आकडा लिहायचा. संध्याकाळी तेच, 'बाहेर' या रकान्यात. शेवटी खाली त्यांची सही. बायका हात दाखवताना बोटं नाचवायच्या आणि म्हणायच्या, "मोजा बाबू, काल रातच्याला एक उगवलंय." ज्यांची बोटं आधीच गेलेली होती त्यांना त्या आकड्यावरूनच नावं पडली. साडेनऊ गंगाराम होता, आठ किसन होता. गंगारामच्या शेजारणीनं तर एकदा त्याला नातू झाल्याचा निरोप आणताना "साडेनऊच्या घरी" असाच आणला.

एकदा एका म्हातारीनं नाकेदारांना विचारलं, "कापसाच्या धुरळ्यानं माजी छाती भरून आलीया, तिचं काय?" नाकेदारांनी रोगांची यादी काढली. तिच्यात लोकर-कातड्याच्या कामातला एक रोग होता, शिशाचा होता, पाऱ्याचा होता. कापसाचा नव्हता.

"मावशे, तू लोकरीच्या धंद्यात जायला पायजे होतीस," ते हळहळून म्हणाले. "तितं खोकल्याला भाव हाय."

तरीही त्या दिवसापासून तिचा खोकला रजिस्टरात चढू लागला. आत येताना तीन वेळा, बाहेर जाताना अकरा वेळा. कायद्यात जागा नव्हती म्हणून त्यांनी समासात जागा केली. म्हातारी मला म्हणायची, "खोकला जाईना, पर कुणीतरी मोजायलाय, बरं वाटतंय."

एका सुटीला आम्ही दोघं चारठाण्याची जुनी देवळं बघायला गेलो. बघायला मी गेलो होतो. नाकेदार पंचनामा करायला आले होते. कोनाड्यातल्या एका भंगलेल्या मूर्तीपुढे ते थांबले आणि म्हणाले, "उजवा हात, कोपराच्या वर. सत्तर." पुढच्या मूर्तीला नाक नव्हतं. त्यांनी पुस्तक चाळलं आणि नाक यादीत नसल्याचं खेदानं सांगितलं. मग एक देवी आली, तिला मुळात चार हात, त्यांतले उजवे दोन्ही तुटलेले. नाकेदार पायरीवर बसले. सत्तर आणि सत्तर एकशेचाळीस. अख्खा माणूस मेला तरी शंभराच्या वर हिशेब जात नाही, आणि ही तर समोर उभी होती. अर्धा तास विचार करून ते उठले.

"हिला कायदा लागू न्हाई," ते म्हणाले. "जास्तीच्या अवयवाची कायद्यात सोय न्हाई बाबू."

मी हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

त्याच हंगामात मल्हारी आला. राणीसावरगावाकडचा मेंढपाळ. पावसाळाभर मेंढरं, हंगामात कारखान्याची मजुरी, मग पुन्हा मेंढरं आणि लोकरीची कातरणी, असा त्याचा वर्षाचा फेरा. बायको सोजर मेंढरांजवळ राहायची, तो कारखान्यात. फाटकात त्यानं हात वर केले आणि मी मोजता मोजता अडखळलो. डाव्या करंगळीला लागून आणखी एक बोट होतं, छोटं, पण नखासकट, हलणारं.

"अकरा!" मी ओरडलो.

रांगेत हशा पिकला. मल्हारीही हसला. "लय नशीबवान म्हणत्यात मला, सायेब. अजून काय आलं न्हाई वाट्याला, पर म्हणत्यात."

नाकेदार सळई टेकत आले. त्यांनी ते बोट पुढून बघितलं, मागून बघितलं.

"माणसाला बोटं किती?" त्यांनी मला विचारलं.

"दहा. पण याला..."

"कायद्यात किती?"

"दहा."

"मंग धाच लिव्ह. अकरा लिवलं तर वरचा सायेब म्हणंल, नाकेदार पिऊन मोजायलाय."

मी दहा लिहिलं. खाली त्यांची सही झाली. दुसऱ्या दिवशीही दहा लिहिलं. आठवड्यानंतर मला ते बोट दिसेनासं झालं, इतकी सवय झाली.

हंगाम भरात असताना एके दुपारी रेच्यात कापसाचा बोळा अडकला. मल्हारीनं तो काढायला उजवा हात घातला, आणि अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून गेलं. लोक त्याला फडक्यात हात गुंडाळून दवाखान्यात न्यायला निघाले, तर फाटकात नाकेदार आडवे.

"थांबा! भाईरचा इंद्राज."

"अवो, रगत चाललंय!" कुणीतरी ओरडलं.

"म्हणून तर लवकर सोडा फडकं."

फडकं सुटलं. उजवीकडे चार, डावीकडे सहा. मी 'बाहेर' या रकान्यात दहा लिहिलं. आत दहा, बाहेर दहा. नाकेदारांनी आकड्याला आकडा जुळलेला बघितला, मान डोलावली आणि सही करून मल्हारीला जाऊ दिलं.

घटकाभरानं साडेनऊ गंगाराम रुईच्या पुंजक्यात ते बोट घेऊन आला. सरकीच्या ढिगात सापडलं होतं. नाकेदारांनी रजिस्टर उघडलं. त्या दिवशी कारखान्यात जितकी बोटं आली होती तितकीच बाहेर गेली होती, किंवा अजून आत कामाला होती. मेळ चोख होता. आणि समोर टेबलावर एक बोट.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"मल्हारीचं की वो!"

"मल्हारीची धा आत आली, धा भाईर गेली. हे त्याचं असूच शकत न्हाई."

गंगारामनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. नाक्यावर ज्या मालाला धनी नसे त्याची वेगळी वही असायची, तशी एक वही नाकेदारांनी कारखान्यातही ठेवली होती. तिच्यात तोवर एक छत्री आणि एक वहाण होती. त्याखाली त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: बेवारस बोट, नग एक. मग गंगारामनं ते लिंबाखाली नेऊन पुरलं.

मल्हारी बरा होऊन आला तो भरपाईचा अर्ज लिहून मागायला. असले अर्ज नाकेदारच लिहायचे, फुकट आणि हौसेनं. या वेळी त्यांनी टाक उचलला आणि खाली ठेवला.

"रजिस्टरात तुजं बोट गेलेलंच न्हाई मल्हारी."

"मंग हितं काय हाय?" मल्हारीनं मोकळी जागा पुढे धरली. "सायेब, कातर ह्या बोटावर पेलावी लागती. दोनशे मेंढरू हाय दारात. लोकर न्हाई निघाली तर खायाचं काय?"

"इंद्राज झालाय," नाकेदार म्हणाले. पण आवाज नेहमीचा नव्हता.

मल्हारीनं परभणीला कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाकडून अर्ज लिहून घेतला. शेठला नोटीस आली. घोंगडी द्यायला शेठ एका पायावर तयार होता. पण कायद्यानं द्यायला तो तयार नव्हता, कारण मग लिंबाखालचे बाकीचेही उठून उभे राहतील. त्यानं वकील केला. वकिलानं नाकेदारांचं रजिस्टर बघितलं आणि आनंदानं त्याला कवटाळलं.

त्यानंतरचे दिवस नाकेदारांचे विचित्र गेले. दुपारचा डबा उघडायचे आणि न खाता बंद करायचे. फाटकावर लोकांचे हात बघताना स्वतःच्या बोटांवर मोजायचे आणि पुन्हा सुरुवातीपासून मोजायचे. एकदा मला म्हणाले, "बाबू, बावीस वर्षांत नाक्यावर एक नग जास्त निघाला न्हाई." मी काही बोललो नाही. माझी नोकरी शेठच्या हातात होती आणि घरी बायको गरोदर होती. हे कारण मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलंय. कारण खरं आहे, तरी सांगताना लाज वाटते.

सुनावणीला आम्ही सगळे परभणीला गेलो. मुन्सफसाहेब शांत, चष्मा पुसत राहणारे. पहिली साक्ष माझी.

"त्या दिवशी सकाळी अर्जदाराची बोटं किती लिहिलीत?" वकिलानं विचारलं.

"दहा."

"आणि बाहेर पडताना?"

"दहा."

मी खोटं बोललो नाही. लिहिली तेवढीच सांगितली. मल्हारीकडे मात्र मला बघवलं नाही.

"साहेब," वकील म्हणाले, "दहा आत गेली, दहा बाहेर आली. अर्जदाराला आजही दहा बोटं आहेत, मोजून घ्या. कारखान्यात जे बोट सापडलं ते बेवारस आहे, तशी नोंद आहे. ते बाहेरून आलेलं असणार."

मुन्सफसाहेबांनी चष्मा पुसायचं थांबवलं. "बाहेरून? चालत?"

"ते आम्हांला माहीत नाही साहेब."

मुन्सफसाहेबांनी मल्हारीची बोटं मोजली. भरली दहा. ते बिचारे पेचात पडले. "दहा तर आहेत बाबा तुला."

"हायत की, सायेब. पर ह्या धा बोटांमदी कातर धरायचं बोट न्हाई. भाईर मेंढरू आनलंय, दावू का?"

आणि उत्तराची वाट न बघता त्यानं हाक मारली. सोजर एक मेंढरू ओढत थेट आत आली. पट्टेवाला तिला अडवायला गेला, तर मेंढरानं त्यालाच अडवलं. मल्हारीनं मेंढराला गुडघ्यात धरलं, उजव्या हातात कातर घेतली आणि सुरुवात केली. कातर दर घासाला घसरायची. त्यानं हात बदलून डाव्यानं प्रयत्न केला, तर सहावं बोट कातरीच्या मुठीत अडकलं. एका बाजूनं ओंजळभर लोकर निघाली तोवर मेंढरू निसटलं आणि वकिलाच्या टेबलाखालून कागद घेऊन गेलं. सोजरनं त्याला कोपऱ्यात धरलं, नवऱ्याच्या हातातली कातर घेतली आणि म्हणाली, "आता मलाच शिकावं लागायलंय, सायेब. पर दोनशे मेंढरं, आन पोरं तीन."

मग नाकेदारांची हाक झाली. रजिस्टर छातीशी धरून ते उभे राहिले. शेरवानीच्या सगळ्या गुंड्या लावलेल्या.

"या रजिस्टरात कधी खाडाखोड झाली आहे?" वकिलानं विचारलं.

"आजवर न्हाई."

"म्हणजे दहा आणि दहा, हे बरोबर?"

नाकेदारांनी शेठकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मग मल्हारीच्या हाताकडे बघत राहिले. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी तो हात पहिल्यांदा पुस्तक बाजूला ठेवून पाहिला.

"सायेब," ते मुन्सफसाहेबांना म्हणाले, "ह्याची बोटं अकरा व्हती. बाबूनं अकराच मोजली व्हती. धा लिवायचा हुकूम माजा. कायद्यात अकरा बसंना, म्हणून मी माणूस कापला. मला लाल शाई पायजे."

कचेरीत शाई आली. नाकेदार तिथंच खाली बसले, रजिस्टर मांडीवर घेतलं आणि मल्हारीच्या पहिल्या दिवसाचं पान काढलं. दहावर आडवी रेघ, वर अकरा, बाजूला सही. मग दुसरा दिवस. मग तिसरा. सकाळचा रकाना, संध्याकाळचा रकाना.

"अहो, अपघाताच्या दिवसाचा एक आकडा दुरुस्त केला तरी पुरे," मुन्सफसाहेब म्हणाले.

"न्हाई सायेब. एकच दुरुस्त केला तर त्याला त्याच दिशी सकाळी अकरावं बोट फुटलं असं व्हईल."

मुन्सफसाहेबांनी यावर विचार केला आणि पुन्हा चष्मा पुसायला घेतला. दोन महिन्यांच्या वर दिवस होते. कचेरीत दुसरी कामं चालू झाली, संपली, पट्टेवाल्यानं त्यांच्या भोवतीनं झाडून घेतलं, मेंढरू बाहेर कंटाळून बसलं. नाकेदार लिहीत होते. बावीस वर्षं आणि वर कारखान्याची, एवढ्या काळात ज्या हातानं एक रेघ मारली नव्हती, तो हात आता रेघेवर रेघ मारत होता. अपघाताच्या दिवशीच्या 'बाहेर' रकान्यातलं दहा तेवढं त्यांनी तसंच ठेवलं. मग बेवारस मालाची वही मागितली, 'बोट, नग एक' याच्यापुढे लिहिलं, "मालक मिळाला: मल्हारी," आणि दोन्ही वह्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या.

मल्हारीला कायद्याप्रमाणे भरपाई मंजूर झाली. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट, दहा टक्के. डाव्या हाताचं सहावं बोट निकालात कुठं आलं नाही.

नाकेदारांना शेठनं महिनाअखेर निरोप दिला. रागावून नव्हे. म्हणाला, "नाकेदार, तुमचं रजिस्टर आता लाल झालं, मला काळं पाहिजे." नाकेदारांना ते पटलंही असावं. त्यांनी दौत-टाक पुसून ठेवले आणि सळई घेऊन फाटकाकडे आले. मी तिथं उभा होतो. बोटांची हजेरी शेठनं आदल्या दिवसापासून बंद केली होती. तरी नाकेदारांनी सळई काखेत धरून दोन्ही हात वर केले.

"मोज बाबू."

मी मोजली. मला धड दिसत नव्हतं, म्हणून पुन्हा मोजली. "दहा."

"आत आलो तवा?"

"दहा."

"लिव्ह."

मी लिहीत असतानाच फाटकाबाहेर मल्हारी दिसला. काखेत काळी घोंगडी, नवी. त्याच्यामागे सोजर.

"ही हिनं कातरल्याल्या लोकरीची," तो म्हणाला आणि घोंगडी नाकेदारांच्या खांद्यावर टाकू लागला. "बोट गेलं की घोंगडी मिळायची हितं. तुमची तर नोकरी गेली, सायेब."

नाकेदारांनी हात आडवा धरला. नाक्यावर बावीस वर्षांत त्यांनी कुणाकडून विड्याचं पानही घेतलं नव्हतं. मग तोच हात त्यांनी घोंगडीवर ठेवला. शेवटी ते माझ्याकडे वळले.

"बाबू, जादाचा नग हाय. इंद्राज कर."

मी लिहिलं. ते रजिस्टर पुढे शेठनं रद्दीत काढलं तेव्हा मी ते एक पान फाडून घेतलं, ते अजून माझ्याकडे आहे. आत: दहा बोटं. बाहेर: दहा बोटं, एक घोंगडी. खाली त्यांची सही.